ब्रेकला हात लावायचा नाही म्हणे!

गेल्या शनिवारी एका मित्राकडे पॉटलक होतं. पावभाजी झाली, मुलं वरच्या मजल्यावर आयपॅडला चिकटली, आणि खाली आमचं नेहमीचं सुरू झालं. घरांच्या किमती, ग्रीन कार्डाची रांग, कोणाच्या कंपनीत किती जणांना नारळ मिळाला वगैरे वगैरे. तेवढ्यात एकाचं माझ्या हातांकडे लक्ष गेलं. "अरे, नखं कशाने काळी झाली तुझी?" मी आपलं सहज सांगून टाकलं, की दुपारी गाडीचे ब्रेक पॅड बदलले.

एकदम शांतता. जणू काही मी घरच्या सुरीने स्वतःचं अपेंडिक्स काढून आलो होतो!

मग सगळे एकदम बोलायला लागले. "अरे ब्रेक आहेत ते, वायपर नव्हेत." "घरी बायको आहे, पोरगी आहे, जरा विचार कर." "हे कायदेशीर तरी आहे का?" आणि शेवटी, ज्याची मी वाटच बघत होतो ते वाक्य: "तुझा तासाचा रेट काय, आणि तू दिवसभर पाने कसले फिरवतोयस?" हे बोलणारा माझा मित्र दर तीन वर्षांनी नवी जर्मन टू-सीटर लीजवर घेतो. त्या गाडीचं बॉनेट उघडणारा खटका कुठे आहे हे त्याला आजतागायत माहीत नाही. (नाव घेत नाही. तो हे वाचतो.)

मला तोंडावर वाद घालता येत नाही. उत्तर सुचतं ते गाडीत बसल्यावर, घरी येताना. म्हणून हे इथे लिहितोय.

आधी गाडीची ओळख करून देतो. माझ्याकडे १९९९ ची माझदा मियाटा आहे. दोन सीट, कापडी छप्पर, वजन साधारण एक टन. कोणा मोठ्या माणसाची गाडी वाटत नाही, फ्रीमाँटच्या देसी पार्किंगमध्ये तर ती टोयोटांच्या मध्ये खेळण्यासारखी दिसते. पण १९८९ साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही पहिल्यांदा लोकांसमोर आली, आणि एप्रिल २०१६ मध्ये दहा लाखावी मियाटा कारखान्यातून बाहेर पडली. दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये सगळ्यात जास्त खपलेली म्हणून गिनेसमध्ये तिचं नाव आहे. इंजिन काही फार ताकदवान नाही. मजा आहे ती वळणांत. स्कायलाइनवरून हायवे ९ ने साराटोगाला उतरताना समजतं, की स्पोर्ट्स कारचा अर्धा आनंद तिच्या ब्रेकमध्ये असतो. हवं तिथे वेग कमी होणार ही खात्री असेल तरच माणूस वेग घेतो.

तर झालं असं, की जुलैपासून मागच्या डाव्या चाकातून बारीक किंचाळल्यासारखा आवाज यायला लागला. ब्रेक दाबला की यायचा, कधी कधी नुसतं हळू जातानाही यायचा. मी शहाण्या मुलासारखी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. नाव सांगत नाही, सगळीकडे शाखा असलेल्यांपैकी एक. त्यांनी फुकट तपासणी केली आणि हिरवा-पिवळा-लाल असे रकाने असलेला कागद हातात दिला. मागचे पॅड ६ मिलिमीटर, हिरवे. पुढचे ४, पिवळे. आवाजाबद्दल विचारलं तर काउंटरवरचा म्हणाला, "धूळ असेल, सर. कॉमन आहे." पण पुढचं सगळं काम, म्हणजे पॅड आणि डिस्क दोन्ही, करून घ्यायचं असेल तर सहाशे चाळीस डॉलर. मागचंही एकदम उरकायचं असेल तर अकराशेच्या आसपास.

पैसे नव्हते असं नाही. खटकलं ते "धूळ असेल". आमच्या धंद्यात प्रॉडक्शनमध्ये काही अडलं आणि कोणी म्हणालं "नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल", की समजायचं त्याने लॉग उघडलेला नाही. मी ऐंशी डॉलरमध्ये चारही चाकांचे पॅड मागवले, एक जॅक आणि दोन जॅक स्टँड घेतले, आणि शनिवारी सकाळी गॅरेजचं दार वर केलं.

चाक काढलं. बाहेरचा पॅड खरंच ६ मिलिमीटर होता, कागदावर लिहिल्याप्रमाणे. मग कॅलिपरचा बोल्ट काढून तो वर उचलला आणि आतला पॅड हातात घेतला. त्यावर मसाला जवळजवळ नव्हताच. एका टोकाला तर मागची लोखंडी पट्टी उघडी पडायला आली होती. आवाज येत होता तो पॅडला लावलेल्या छोट्या पत्र्याच्या जिभेचा. पॅड संपत आला की ही जीभ डिस्कला घासावी आणि किंचाळावी, याच कामासाठी ती बसवलेली असते. म्हणजे गेले दोन महिने माझी गाडी बोंबलून सांगत होती, आणि आम्ही तिला म्हणत होतो, धूळ असेल.

हे कसं होतं ते सांगतो, कारण सगळा मुद्दा इथेच आहे. साध्या गाड्यांत (आणि बऱ्याच स्पोर्ट्स कारमध्येही) कॅलिपरला एकच पिस्टन असतो, आतल्या बाजूला. ब्रेक दाबला की पिस्टन आतला पॅड डिस्कवर दाबतो. मग त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो आणि बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने ओढून आणतो. या पिना ग्रीसमध्ये असतात, वर रबरी टोपी असते. टोपी फाटली, पाणी शिरलं, गंज चढला, की पिन अडकते. कॅलिपर सरकत नाही. मग सगळं काम एकटा आतला पॅड करतो, बाहेरचा नुसता हजेरी लावतो. (प्रत्येक टीममध्ये अशी जोडी असते, पण ते असो.) चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारून मोजलं तर दिसतो तो बाहेरचा. ताजातवाना, ६ मिलिमीटर, हिरवा!

आमच्याकडे कोड रिव्ह्यूमध्ये असं होतं. फाइल न उघडता खाली "छान आहे, जाऊ दे" लिहून मोकळं व्हायचं. त्या कागदावरचा हिरवा रंग म्हणजे तेच. फरक एवढाच, की आमचा बग आला तर रात्री दोनला फोन वाजतो. हा बग हायवे ९ च्या उतारावर आला असता.

आता त्या गॅरेजमधल्या मेकॅनिकला मी चोर म्हणत नाहीये. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी मेकॅनिकला पगार "फ्लॅट रेट"ने मिळतो. म्हणजे अमुक कामाचे पुस्तकात जितके तास लिहिलेत तितक्याचे पैसे, प्रत्यक्षात कितीही वेळ लागो. फुकटच्या तपासणीचे पुस्तकात तास किती असणार? त्याने चाक काढावं, कॅलिपर उचलावा आणि तेही पदरचा वेळ घालून, ही अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करू? त्याला चाक बघायला कोणी पैसे देत नाही. मला त्या चाकावर बसून जायचंय. मग चाकामागे बघायची गरज दोघांत जास्त कोणाला?

म्हणून "ब्रेक म्हणजे जिवाशी गाठ, हात लावू नकोस" हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. जिवाशी गाठ आहे म्हणूनच बघायला हवं. वायपरकडे नाही बघितलं तरी चालेल.

पण नुसता आवेश नको. यात जीव जाऊ शकतो हे खरं आहे, आणि कसा जाऊ शकतो ते मित्रांपैकी एकालाही सांगता आलं नाही, म्हणून मी सांगतो. एक, गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालणं. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. स्टँड लावायचे, पुढच्या चाकांना आड लावायची, गाडी दोन्ही हातांनी हलवून बघायची, मगच पुढे. दुसरं म्हणजे काम झाल्यावर पेडल न दाबता गाडी बाहेर काढणं. नवीन पॅड बसवायला पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल सरळ तळाला जातं, ब्रेक लागतच नाही. चार-पाच वेळा दाबून पेडल कडक झाल्याशिवाय किल्लीला हात लावायचा नाही. घाईत माणसं हे विसरतात आणि गाडी थांबते ती समोरच्या भिंतीला. शिवाय पॅडच्या तोंडाला ग्रीस लागू द्यायचं नाही, कॅलिपर रबरी होजवर लटकत ठेवायचा नाही (मी जुन्या हँगरच्या तारेने बांधतो), आणि पॅड उलटा बसवायचा नाही. हसू नका, लोखंडी बाजू डिस्ककडे करून पॅड बसवणारे महाभाग आहेत जगात.

आणि काळी धूळ फुंकायची नाही. जुन्या पॅडमध्ये अॅसबेस्टॉस असायचं. अमेरिकेत क्रिसोटाइल अॅसबेस्टॉसवर बंदीचा नियम आला तो थेट २०२४ साली, आणि पंचवीस वर्षं जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय घातलं होतं ते आपल्याला काय माहीत? ब्रेक क्लीनर मारून धूळ ओली करायची आणि पुसायची. कॅलिफोर्नियात तर पॅडमधल्या तांब्यावरसुद्धा कायदा आहे, २०१० सालचा. ब्रेकची धूळ पावसाबरोबर गटारात, तिथून खाडीत जाते आणि तांबं माशांना सोसत नाही. म्हणून २०२१ पासून ५ टक्क्यांच्या आत आणि २०२५ पासून अर्ध्या टक्क्याच्या आत तांबं असलेलेच पॅड इथे विकता येतात. आपण ब्रेक मारतो तेव्हा काहीतरी झिजतं आणि कुठेतरी जातं, हे मला पॅडचा खोका वाचेपर्यंत सुचलं नव्हतं.

माझी स्वतःची फजिती झाली ती पिस्टनवर. पुढचा पिस्टन सी-क्लॅम्प लावून दाबला की निमूट आत जातो. मागचाही जाईल म्हणून मी क्लॅम्प लावला आणि पिळत बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं. जागचा हलेना. आणखी जोर लावणार होतो, पण कोडमध्ये एखादी गोष्ट जोर लावून बसवली की पुढे काय होतं ते माहीत असल्यामुळे थांबलो आणि सर्व्हिस मॅन्युअल उघडलं. या पिढीच्या मियाटात हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच असतो. पिस्टनच्या मागे स्क्रूसारखी रचना असते, तो ढकलून जात नाही, फिरवून न्यावा लागतो. कॅलिपरच्या मागच्या अंगाला एक बोल्ट आहे, तो नुसतं झाकण आहे. तो काढला की आत ४ मिलिमीटरची अॅलन की बसते. उलटी फिरवली की पिस्टन गुपचूप आत! पॅड बसवल्यावर सुलटी फिरवायची, पॅड डिस्कला टेकेपर्यंत, आणि मग एक तृतीयांश फेरा मागे यायचं. मी आणखी पंधरा मिनिटं क्लॅम्प पिळला असता तर बहुतेक नवीन कॅलिपर घ्यावा लागला असता. म्हणजे "हात लावू नकोस" यात तथ्य इतकंच, की वाचल्याशिवाय हात लावू नकोस. ते तर आम्ही रोज नवीन आलेल्या पोरांना सांगतो.

अडकलेली पिन काढायला मात्र तासभर गेला. गंजावर तेल सोडलं, हळूहळू फिरवली, बाहेर आल्यावर तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासली, ब्रेकचं खास सिलिकॉन ग्रीस लावून नव्या रबरी टोपीसकट बसवली. आता ती एका बोटाने सरकते. डिस्कची जाडी मोजली, मर्यादेच्या वर होती, म्हणून डिस्क बदलल्या नाहीत. चाकाचे नट टॉर्क रेंचने लावले, माझ्या गाडीला ८८ ते ११८ न्यूटन-मीटर. मग मागच्या इंडस्ट्रियल भागात रिकाम्या रस्त्यावर नेऊन पॅड डिस्कवर बसवून घेतले: पन्नासवरून दहापर्यंत वेग आणायचा, पूर्ण थांबायचं नाही, पुन्हा पन्नास, असं आठ-दहा वेळा. जळकट वास येतो, घाबरायचं नाही. एक टनाहून थोडी जास्त गाडी, माणूस धरून, १०० किलोमीटरच्या वेगावरून थांबवताना जेवढी ऊर्जा ब्रेकमध्ये उष्णता होऊन जाते, तेवढ्यात सव्वा लीटर पाणी उकळीला येईल. सहा-सात कप चहा, एका थांबण्यात. पॅडच्या त्या चार बोटं रुंद तुकड्यांबद्दल माझा आदर त्या दिवसापासून फार वाढला आहे.

कायदेशीर आहे का, याचं उत्तर सोपं आहे. स्वतःच्या गाडीचे ब्रेक स्वतः बदलायला कोणाची परवानगी लागत नाही. २०१९ मध्ये साक्रामेंटो काउंटीच्या एका नियमावर बरीच बोंबाबोंब झाली होती, घरी गाडीची मोठी कामं करायला बंदी म्हणून. त्या कडक नियमातसुद्धा ब्रेकचे भाग बदलणं हे ऑइल बदलण्याच्या पंक्तीत, किरकोळ कामांत बसवलंय! (भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये मात्र लीज वाचा. तिथे पार्किंगमध्ये गाडी उघडायला बहुधा बंदी असते. मी पाच वर्षं तसाच काढला.) आणि नवी गाडी असेल तर "वॉरंटी जाईल" ही भीती घालणाऱ्यांना १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याचं नाव सांगा. नेहमीची देखभाल तुम्ही स्वतः केली, एवढ्याच कारणावरून इथे वॉरंटी नाकारता येत नाही.

आता तासाचा रेट. हा हिशोब मला कधीच कळलेला नाही. शनिवारी दुपारी दोन वाजता मला तासाला पैसे देणारं कोण बसलंय? ते पाच तास मी पाने फिरवले नसते तर कॉस्टकोत सॅम्पल खात फिरलो असतो. जिमला जाणाऱ्याला कोणी विचारत नाही, की ट्रेडमिलवर धावण्यापेक्षा तासाच्या रेटने माणूस का नाही लावत. टाहोला स्कीइंगला गेलात तर ती हौस, आणि गाडीखाली गेलात तर पैशांची काटकसर! या वाक्यात रेटचा संबंधच नाही. त्यात दुसरंच काहीतरी आहे, आणि ते बोलायला आपण लाजतो.

माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. आयटीआय केलेले. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या पेरांमध्ये काळी रेघ आहे, ती निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली तरी गेलेली नाही. लहानपणी मी त्यांच्या पान्यांच्या पेटीला हात लावला की ओरडा बसायचा. पाना हरवेल म्हणून नाही. "तू हे धरायचं नाहीस. तू पुस्तक धर." मी धरलं. इंजिनिअरिंगला गेलो. पहिल्या वर्षाला वर्कशॉप असायचं, कानस घेऊन लोखंडाचा तुकडा घासायचा, दोन तुकडे एकमेकांत बसवायचे. बाबांच्या भाषेत फिटिंगचा जॉब. आमच्या बॅचमध्ये अर्ध्या मुलांनी तो वर्कशॉपच्या मामांकडून पैसे देऊन करून घेतला. मीसुद्धा. फिटरचा मुलगा! शंभर रुपये दिले होते आणि मार्क चांगले पडले होते.

बाबांनी पाना धरू दिला नाही, त्याचं मला काही वाटत नाही. त्यांना ठाऊक होतं पाना धरणाऱ्याला काय मिळतं आणि साहेब त्याच्याशी कसं बोलतो. पण आमच्या पिढीने त्यातून भलताच धडा घेतला. हाताचं काम करावं लागू नये इथपासून निघालो आणि हाताचं काम हलकं, ते करणारा हलका, इथे येऊन पोहोचलो. आपल्याकडे कोणी काय करायचं हे जन्मावरून ठरवलेलं होतं, त्याचा हा वास आहे, आणि तो व्हिसाच्या रांगेतून आपल्याबरोबर इथपर्यंत आलाय. पॉटलकला माझी काळी नखं बघून जे चेहरे झाले, ते काय ब्रेकच्या काळजीने झाले होते? रॉक क्लाइंबिंगला जाऊन कोपर फोडून आलो असतो तर फोटो मागितले असते!

दसऱ्याला बघा. फ्रीमाँटमध्येसुद्धा आपण गाडी धुतो, हार घालतो, कुंकू लावतो, चाकाखाली लिंबू ठेवून चिरडतो. लॅपटॉपची पूजा करणारेही आहेत. चाकाखालचं लिंबू आपण मन लावून ठेवतो, चाकामागचा पॅड मात्र आयुष्यात एकदाही बघत नाही.

पॅड बघितल्यावर मी त्याचा फोटो बाबांना पाठवला. तिकडे रात्रीचे साडेअकरा वाजले होते, मला वाटलं सकाळी बघतील. दोन मिनिटांत व्हिडिओ कॉल आला. आधी रीतसर झापलं. "अरे तिकडे दुकानं नाहीत का? तुला कशाला पाहिजेत हे उद्योग?" मी म्हटलं, "बाबा, दुकानातच नेली होती. त्यांनी हिरवं लिहिलंय." त्यांनी चष्मा लावला, फोन नाकाशी धरला. "बाहेरचा लायनर दाखव. हं. आता पिन दाखव. नाही, खालची." मग म्हणाले, "टोपी फाटलीय बघ, पाणी गेलंय आत. ती पिन साफ केल्याशिवाय नवीन लायनर टाकलास तर सहा महिन्यांत हेच होईल." पुढचा तासभर फोन टूलबॉक्सला टेकवून ठेवला होता. पिन अडली की मी जोर लावायचो आणि तिकडून आवाज यायचा, "ओढू नको, फिरव. फिरव." मागून आई ओरडत होती, की बारा वाजून गेले, आता झोपा. ते काही फोन ठेवेनात.

फिटर म्हणून त्यांनी काय काय केलं, हे मी त्यांना त्याआधी एकदाही नीट विचारलं नव्हतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. हे सगळं मला करता आलं कारण गाडी जुनी आहे. नव्या बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकचा दांडा गेला, बटण आलं. मागच्या कॅलिपरवर मोटर असते. पॅड बदलायचे तर गाडीला आधी "सर्व्हिस मोड"मध्ये न्यावं लागतं, आणि काही गाड्यांत त्यासाठी स्कॅन टूल लागतं. तंत्र सुधारलं याला माझा विरोध नाही, मी त्याचंच खातो. पण ते कुलूप कोणी आणि कशासाठी घातलं, हे आपल्याइतकं कोणाला कळतं? आपणच असली कुलपं लिहितो! मॅसॅच्युसेट्समध्ये लोकांनी २०१२ आणि २०२० साली दोनदा मत देऊन सांगितलं, की दुरुस्तीची माहिती गाडीच्या मालकाला आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला मिळालीच पाहिजे. भारतात स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला तो याच कारणासाठी, की सुटे भाग आणि तपासणीची साधनं त्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. हे कायदे मागायचे कोणी? ज्याने कधी चाकच काढलं नाही, त्याला आपल्या गाडीला कुलूप लावलंय हे कळणार तरी कसं?

सगळ्यांनी सगळं करावं असं माझं म्हणणं नाही. एबीएसचा दिवा लागला, पेडल दाबून ठेवल्यावर हळूहळू खाली जायला लागलं, होजला तडा दिसला, तर मीसुद्धा गाडी मेकॅनिककडे नेईन आणि तो मागेल तितके पैसे देईन. लहान मूल आहे, वेळ नाही, पाठ दुखते, हौस नाही, तर पॅड त्याच्याकडूनच बदलून घ्या. पण चाक काढल्यावर शेजारी उभे राहा आणि म्हणा, आतला पॅड दाखवा. चांगला मेकॅनिक आनंदाने दाखवेल. दाखवायला कटकट करत असेल तर गाडी घेऊन दुसरीकडे जा.

पुढच्या रविवारी मी ब्रेक ऑइल बदलणार आहे. चाकाजवळ एक जण आणि आत पेडलवर एक जण लागतो, "दाब, धर, सोड" म्हटलं की तसं करायला. बायकोने साफ नकार दिलाय. तेव्हा पॉटलकला ज्यांनी मला जिवाची काळजी घ्यायला सांगितली, त्यांच्यापैकी कोणीही सकाळी दहाला यावं. लीजवाल्याने तर यायलाच पाहिजे. जुने कपडे घालून या, ते ऑइल गाडीच्या रंगावर पडलं तर रंग खातं, म्हणून पाण्याची बादली भरून ठेवतोय. बाबा फोनवर असतील. चहा आणि कांदेपोहे माझ्याकडे.